जुन्या ॲम्प्लिफायरला स्ट्रीमर जोडायचा असेल तर

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. डिचोलीजवळचे चिऱ्याचे जुने घर, बाबांचा नव्वदच्या दशकातला ॲम्प्लिफायर आणि बुकशेल्फ स्पीकर, कॅसेटींवरून हार्ड डिस्कवर उतरवून ठेवलेली नाट्यपदे आणि बैठकी, घरात एक आयफोन नि दोन अँड्रॉइड, आणि बजेट वीस हजारांच्या आत. ऐकणारे मुख्यतः बाबा, वय चौऱ्याहत्तर, आणि फोनवर ॲप उघडून गाणे शोधणे त्यांना जमत नाही. कोणत्या स्ट्रीमरमध्ये (नेटवरून गाणी घेऊन ॲम्प्लिफायरला देणाऱ्या पेटीत) कोणती डॅक चिप (डिजिटल गाण्याचा ॲम्प्लिफायरला चालेल असा सिग्नल करणारी) आहे आणि वेगळा डॅक घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे.

चिपचे मागाहून बोलू. मी दहा-बारा वर्षे नेटवरून गाणी ऐकतो आहे. या काळात चार पेट्या बदलल्या, पण आवाज वाईट म्हणून एकही बदलली नाही. दर वेळी अडले ते वापरताना: हवी ती सेवा त्यावर वाजत नव्हती, नाहीतर वाय-फाय तुटत होते, नाहीतर घरातल्या दुसऱ्या कोणाला ती लावता येत नव्हती. तुमच्या घरात हे तिसरे कारण सगळ्यात मोठे आहे, म्हणून निवडही तिथूनच करावी असे माझे मत आहे.

पण पैसे खर्च करण्याआधी एक काम करा. स्पीकरची जाळी काढा आणि वूफरच्या कडेची गोल पट्टी बघा. रबराची असेल तर चिंता नाही. फोमची असेल तर बोटाने अगदी हलके दाबून बघा. आपल्याकडच्या दमट हवेत हा फोम काही वर्षांत चिकट होतो आणि मग त्याचा चुरा होतो. माझ्या स्पीकरचा फोम लांबून धड दिसत होता. बोट लावले तर चहात भिजलेल्या बिस्किटासारखा तुटला आणि काळी भुकटी बोटाला लागली. त्याआधी सहा महिने तबल्याचा डग्गा पोकळ का वाजतो, ते मी केबलींमध्ये शोधत होतो. वूफरचा कोन, म्हणजे मधला शंकूसारखा पडदा, शाबूत असेल तर नुसता फोम बदलून मिळतो. तसे असेल तर आधी तो खर्च करा, स्ट्रीमर पुढच्या महिन्यात.

आता स्ट्रीमर नेमके काय करतो ते. ब्लूटूथवर गाणे फोनमधून जाते. कोणाचा कॉल आला की थांबते, फोन खिशात घालून कोणी परसात गेले की तुटते, आणि वाटेत आवाज पुन्हा एकदा आवळला जातो. स्पॉटिफाय कनेक्ट किंवा गुगल कास्टमध्ये फोन हा नुसता रिमोट असतो. गाणे स्ट्रीमर स्वतः राउटरकडून खेचून घेतो. एअरप्ले या दोहोंच्या मधला आहे: वाय-फायवरून जातो म्हणून आवाज चांगला, पण गाणे बहुतेक वेळा फोनमधूनच पुढे जाते.

इथे एक गोष्ट नीट बघावी लागते. परदेशी परीक्षणे टायडल आणि कोबझ धरून लिहिलेली असतात, आणि या दोन्ही सेवा भारतात अधिकृतपणे सुरू नाहीत. आपल्याकडे खरा प्रश्न स्पॉटिफाय, ॲपल म्युझिक आणि यूट्यूब म्युझिक यांचा. ॲपल म्युझिकने जून २०२१ पासून जादा पैसे न घेता लॉसलेस, म्हणजे दर्जा न घटवलेले संगीत, दिले, पण स्वस्त स्ट्रीमरांच्या स्वतःच्या ॲपमध्ये ते सहसा नसते. आयफोनवरून एअरप्लेने किंवा अँड्रॉइडवरून कास्टने पाठवावे लागते. यूट्यूब म्युझिक कमाल २५६ केबीपीएसला (सेकंदाला किलोबिट; आकडा मोठा तितका तपशील जास्त) थांबते. स्पॉटिफायवर वर्षानुवर्षे ३२० ची मर्यादा होती, लॉसलेस २०२५ मध्ये आले. तुमच्या प्लॅनमध्ये ते आहे का हे आधी तपासा.

या हिशेबाने तुमच्यासाठी मला लिंकप्ले कंपनीचा वीम प्रो हा स्ट्रीमर योग्य वाटतो. त्याचा धाकटा भाऊ वीम मिनी स्वस्त आहे आणि आवाजात फार मागे नाही, पण त्यात गुगल कास्ट नाही आणि लॅनची (राउटरला थेट जोडणारी) तार लावायला जागाही नाही. घरात दोन अँड्रॉइड फोन आहेत म्हटल्यावर कास्ट हवेच, आणि चिऱ्याच्या घरात तार हवी. प्रोमध्ये दोन्ही आहेत, शिवाय एअरप्ले २, स्पॉटिफाय कनेक्ट आणि मागे साधे आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांचे) आउटपुट. त्याच्या वरच्या प्रो प्लसमध्ये एकेएम कंपनीची वरच्या दर्जाची डॅक चिप आहे. अमेरिकेत प्रो १४९ डॉलरला आणि प्रो प्लस २१९ डॉलरला आला होता. आपल्याकडे दोन्ही त्याहून महाग पडतात. प्रो प्लस वीस हजारांत बसणे कठीण, आणि बाबांच्या संग्रहासाठी तो फरक मोजायची गरज मला वाटत नाही.

का, ते सांगतो. केसरबाई केरकरांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांच्या. त्यातलीच एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली. ते ध्वनिमुद्रण २४ बिट १९२ किलोहर्ट्झ या सीडीहून बारीक दर्जात ऐका किंवा सीडीच्या १६ बिट ४४.१ मध्ये, तबकडीत होते तेवढेच कानावर येणार. कॅसेटींचेही तेच. बाबांच्या कॅसेटींतली खरखर, मधूनच मंदावलेला वेग आणि मागे बसलेल्या श्रोत्यांची दाद हे सगळे त्या मुद्रणाचेच अंग आहे, आणि कोणतीही चिप त्यात भर घालणार नाही. वेगळ्या डॅकचे पैसे म्हणूनच वाचवा. पुढे कधी हौस झाली तर वेगळा डॅक जोडायला प्रोला ऑप्टिकल आणि कोॲक्सियल आउटपुट आहेतच.

त्या हार्ड डिस्कसाठी मात्र एक अडचण आहे, जी दुकानात कोणी सांगत नाही. प्रोच्या मागची यूएसबी-सी फक्त विजेसाठी आहे; तिथे डिस्क लावून गाणी वाजत नाहीत. डिस्क नेटवर्कवर आणावी लागेल. राउटरला यूएसबी पोर्ट आणि मीडिया सर्व्हरची सोय असेल तर तिथे लावा. नसेल तर घरातला जुना लॅपटॉप डीएलएनए सर्व्हर (घरच्या नेटवर्कवर गाणी पुरवणारा) म्हणून चालू ठेवता येतो. पण त्याआधी फायलींना नावे द्या. कॅसेटवरून उतरवलेले बहुतेक सगळे ‘ट्रॅक ०१, ट्रॅक ०२’ असेच असते, आणि स्ट्रीमरच्या ॲपमध्ये अशा दोनशे फायली समोर आल्या की माणूस ऐकायचे सोडून देतो. मी माझ्या बाबांना शेजारी बसवून हे काम केले होते. पहिले वीस सेकंद ऐकले की ते राग आणि गायक सांगायचे, कधी मैफल कुठल्या देवळातली तेही सांगायचे, आणि मी टाइप करायचो. रोज संध्याकाळी तासभर, असा पूर्ण श्रावण गेला. तुमचे बाबा आहेत तोवर हे करून घ्या. ही माहिती दुसऱ्या कोणाकडे नाही. कॅसेटची बाजू संपली म्हणून मध्येच तुटलेला राग असेल तर ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये दोन्ही तुकडे जोडून एक फाइल करता येते.

आता वाय-फाय. याकडे मी सगळ्यात जास्त लक्ष द्यायला सांगेन. आमचे घर फोंडा तालुक्यात, तुमच्यासारखेच चिऱ्याचे. राउटर माडीवर, स्ट्रीमर खालच्या सालात (दिवाणखान्यात), मध्ये दीड फुटी दोन भिंती. एरवी घरात आम्ही तिघे, सगळे सुरळीत चालायचे. तीन वर्षांपूर्वी चवथीला मुंबई-पुण्याची माणसे आली, चौदा-पंधरा फोन त्याच वाय-फायला लागले, आणि गणपतीवर टांगलेल्या माटोळीखाली बसून अभंग ऐकताना दर दोन मिनिटांनी गायकाचा आवाज अर्ध्यावर थांबायला लागला. फोनवर स्पीड टेस्ट केली तर पन्नास एमबीपीएस. सगळे म्हणाले, पेटी बिघडली.

पेटी ठीक होती. सीडी दर्जाच्या गाण्याला १४११ केबीपीएस लागतात, म्हणजे दीड एमबीपीएससुद्धा नाही. फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता आवळलेल्या फाइलमध्ये, त्याहून कमी. २४ बिट १९२ चे न आवळलेले संगीतही सव्वानऊ एमबीपीएसच्या पुढे जात नाही. म्हणजे वेग भरपूर होता. तुटत होते ते सातत्य: भिंतींतून क्षीण होऊन आलेला सिग्नल, त्यावर गर्दी, आणि मध्येच दोन-चार सेकंदांचा खंड. व्हिडिओ पुढचे बरेच साठवून ठेवतो म्हणून फोनवर ते जाणवत नाही.

उपाय साधा होता. कॅट ६ प्रकारची लॅनची वीस मीटर तार आणली, पीव्हीसी पट्टीत घालून वाशांवरून खाली आणली आणि स्ट्रीमरच्या लॅन पोर्टला लावली. त्या दिवसापासून गाणे एकदाही तुटलेले नाही. पट्टी विसरू नका, कौलारू घरात उंदीर तार शिल्लक ठेवत नाहीत. तार घराबाहेरून, वळचणीखालून नेऊ नका. मिरगाच्या आधी विजा कडकडतात तेव्हा बाहेरची तांब्याची तार धोक्याची. गडगडायला लागले की मी प्लग आणि लॅन दोन्ही काढून ठेवतो. तार नेणे शक्यच नसेल तर राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झला वेगळे नाव द्या आणि स्ट्रीमर त्यावरच ठेवा. ५ गिगाहर्ट्झ जास्त वेगवान, पण चिऱ्यापुढे लवकर हरते.

जोडणी सोपी आहे. आरसीए केबल ॲम्प्लिफायरच्या सीडी, ऑक्स किंवा ट्यूनर यांपैकी कुठल्याही मोकळ्या जागी लावा. फोनोला कधीही नाही. ती तबकडीच्या सुईसाठी असते, तिथे सिग्नल कित्येक पट वाढतो आणि आवाज फाटतो. जुन्या ॲम्प्लिफायरांना आजच्या उपकरणांची २ व्होल्टची पातळी जास्त वाटते, त्यामुळे नॉब जरा फिरवला की घर दणाणते. वीमच्या ॲपमध्ये लाइन-आउटची पातळी कमी करता येते, ती करा, म्हणजे बाबांना नॉब हळूहळू वाढवता येईल. पावसाळ्यानंतर एका बाजूचा आवाज गेला तर घाबरू नका. आरसीएची पिन जागच्या जागी दोन-तीनदा फिरवा, गंज सुटतो.

टीव्हीचा सेट-टॉप बॉक्सही त्याच ॲम्प्लिफायरला असेल आणि स्ट्रीमर लावल्यावर घूं असा आवाज यायला लागला, तर आधी सेट-टॉप बॉक्सची तार काढून बघा. गुणगुण बहुतेक वेळा बाहेरून येणाऱ्या त्या केबलच्या अर्थिंगमुळे असते.

जुनी पेटी घ्यावी का, असेही तुम्ही विचारले आहे. क्रोमकास्ट ऑडिओ ही गुगलची छोटी स्ट्रीमर पेटी फार गुणी वस्तू होती, आजही लोक विकतात, पण गुगलने जानेवारी २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबवले. मार्च २०२५ मध्ये आतल्या डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपल्यामुळे जगभरातले क्रोमकास्ट ऑडिओ काही दिवस बंद पडले होते. गुगलने ते पुन्हा चालू केले, तरी पुढच्या वेळी करतीलच याची हमी कोण देणार? बाबांसाठी मी ती घेणार नाही.

रास्पबेरी पाय, म्हणजे हातावर मावणारा छोटा संगणक, हा माझ्या आवडीचा मार्ग. पाय, त्यावर डॅकची पट्टी, आणि व्हॉल्युमिओ किंवा मूड हे सॉफ्टवेअर, एवढ्यात उत्तम स्ट्रीमर होतो. हार्ड डिस्कही त्याला थेट लागते. पण तो सांभाळणारे माणूस घरात हवे. चालू असताना वीज गेली की मेमरी कार्डवरची माहिती बिघडू शकते, आणि आमच्याकडे जून-जुलैत वीज दिवसातून किती वेळा जाते ते तुम्हाला सांगायला नको. दोन पावसाळ्यांत माझी तीन कार्डे गेली. पुढे मी पायकोअरप्लेअर या सॉफ्टवेअरवर गेलो, जे पूर्ण रॅममध्ये चालते आणि अचानक वीज गेलेली सहन करते. तुम्ही पणजीला नोकरीला, बाबा दिवसभर एकटे. मध्येच ते बंद पडले तर त्यांच्याने काही होणार नाही.

म्हणूनच उरलेल्या पैशांत प्रोसाठी वीमचा रिमोट घ्या. प्रो प्लसबरोबर तो येतो, प्रोला वेगळा घ्यावा लागतो. त्यावर आकड्यांची प्रिसेट बटणे आहेत आणि प्रत्येकाला एक रेडिओ स्टेशन किंवा स्पॉटिफायची प्लेलिस्ट लावून ठेवता येते. १ ला अभंग, २ ला नाट्यपदे, ३ ला ख्याल, असे त्यांना विचारून ठरवा, आणि मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून ॲम्प्लिफायरशेजारी चिकटवा. आकाशवाणीची रागम् वाहिनी २०१६ पासून चोवीस तास शास्त्रीय संगीत देते. ती आकाशवाणीच्या न्यूजऑनएअर ॲपवर आहे, सकाळी निघण्यापूर्वी त्यांच्या फोनवर लावून ब्लूटूथने प्रोवर सोडा. एवढ्यासाठी ब्लूटूथ पुरे.

राउटरला यूएसबी पोर्ट आहे का, आणि राउटरपासून ॲम्प्लिफायरपर्यंत किती मीटर तार लागेल, एवढे मोजून कळवा. पुढची मांडणी त्यावरून सांगतो.