पंपावरची केबल निवडताना

भाऊ, पेट्रोल पंपाचं काम पहिल्यांदाच घेतोयस, तर केबलच्या भावाआधी वाफ कुठे साचते ते बघ. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड. ती वर उडून जात नाही, डिस्पेन्सरखालच्या (गाडीत पेट्रोल भरायच्या यंत्राखालच्या) खड्ड्यात आणि चारीत उतरून बसते. आपली केबलही नेमकी तिथूनच जाते.

साधं पीव्हीसी पेट्रोलच्या संपर्कात राहिलं की त्याला मऊ ठेवणारं द्रव्य निघून जातं, मग ते कडक होऊन तडकतं. शिवाय पीव्हीसीची तार ७० अंशांपर्यंतच चालते, एक्सएलपीईची (क्रॉस-लिंक्ड पॉलिथिलीन, तारेवरचं दुसरं प्लास्टिक) ९० पर्यंत. जळगाव-भुसावळचा मे महिना तुला मी काय सांगू! म्हणून आयएस ७०९८ या भारतीय मानकाची, तांब्याची, आर्मर्ड (धातूचं कवच असलेली) एक्सएलपीई केबल घे. पण एक्सएलपीई म्हणजे पेट्रोलरोधक, असं दुकानदार सांगेल ते ऐकू नकोस. तेही पेट्रोलमध्ये फुगतं. मार आधी बाहेरच्या आवरणावर बसतो, त्यामुळे इंधन लागणार असेल तिथे आवरण तेलरोधक आहे असं कंपनीकडून लेखी घे. जमिनीत तेल मुरलेलं असेल तर शिशाचं आवरण लागतं. महाग आहे, पण तिथे घासाघीस नको.

धोक्याच्या क्षेत्रात, म्हणजे जिथे वाफ असू शकते तिथे, जोड नकोच, अखंड लांबी ओढ. चारी वाळूने भर, नाहीतर वाफ तिच्यातून थेट पॅनल रूमपर्यंत पोचते. ग्लँड, म्हणजे केबल पेटीत शिरते तिथे तिला घट्ट धरणारा भाग, डबल कॉम्प्रेशनची (केबलला दोन ठिकाणी आवळणारी), फ्लेमप्रूफ (आतली आग बाहेर जाऊ न देणारी), पेसोची (स्फोटक-सुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची) मंजुरी असलेलीच. आणि पेटीच्या न वापरलेल्या भोकांत चिंध्या कोंबायच्या नाहीत, प्रमाणित प्लगच बसव.