देवावर सोपवायचं म्हणजे कोर्ट सोडायचं?

प्रिय भगिनी,

यजमान गेले आणि धाकट्या दिरांनी खडकीच्या घराचं कुलूप बदललं. शिवाजीनगर कोर्टात सहा वर्षं नुसत्या तारखा पडताहेत, आणि आता रात्री गुडघे टेकले की शब्दच फुटत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. वर भगिनी मंडळातल्या एक बाई म्हणाल्या, "विश्वास कमी पडतोय. कोर्टाचा नाद सोडा, देवावर सोपवा."

त्या बाईंनी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय बहुधा घाईत वाचलाय. न खचता प्रार्थना करावी, हे सांगायला येशूने कोणाला पुढे केलं? एका विधवेला, आणि तीही न्यायाधीशाच्या दारी खेटे घालणारी! तो देवाला भीत नाही, माणसाला जुमानत नाही. पण ही पिच्छा सोडत नाही म्हणून वैतागून निकाल देतो. देव तसा आहे असं येशू म्हणत नाही. असला माणूसही शेवटी ऐकतो, मग रात्रंदिवस हाका मारणाऱ्या आपल्या लोकांचं देव ऐकणार नाही का, असं तो विचारतो. तेव्हा तारखेला जाणं आणि प्रार्थना करणं यांतलं एक निवडायची गरजच नाही.

शब्द सुचत नसतील तर 13वं स्तोत्र मोठ्याने वाचा. सुरुवातीलाच चार वेळा 'कोठवर' असं देवाला विचारलंय, चक्क जाब विचारल्यासारखं. तेही पवित्र शास्त्रातच आहे. तुम्हीही तक्रार करा, रडा. दिरांसाठी प्रार्थना करा असं मी आज सांगणार नाही. जमेल तेव्हा जमेल.

आता कोर्टाचं. घर यजमानांच्या स्वतःच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर आपल्या ख्रिस्ती लोकांना 1925चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो : एक तृतीयांश तुमचं, दोन तृतीयांश मुलांचं. मुलं असताना दिरांना वाटा नाही. वकिलांची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. बाईमाणसाला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. आणि पुढच्या तारखेआधी वकिलांना विचाराच, की काम नेमकं कुठे अडलंय : समन्स, साक्षीपुरावा की युक्तिवाद? नुसतं "चालू आहे" म्हणाले तर उठू नका.

तुमची,
ताई