जेलमधून सुरू होणारा जिना

बाळ,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं, दोनदा वाचलं. शेरीफच्या ऑफिसात अगदी वर बसलेली माणसं तिथवर पोचतात कशी, असं तू विचारलंयस. त्याच्याच खाली, जरा संकोचाने, दुसरा प्रश्न आहे. तीन वर्षं जेलमध्ये ड्यूटी केल्यावर आता पेट्रोलची, म्हणजे गस्तीची, जागा निघाली आहे, आणि नेमकं त्याच वेळी तुझ्या सार्जंटने नव्या डेप्युटींना, म्हणजे शेरीफच्या हाताखाली तुझ्यासारख्या नव्याने लागलेल्यांना, जेलमध्येच शिकवायच्या कामासाठी तुझं नाव काढलंय. माझ्या दृष्टीने हे दोन्ही प्रश्न एकाच धाग्यात आहेत, म्हणून उत्तर एकदमच लिहितो.

आधी तुझ्या आजीचा गोंधळ दूर कर. दादरमध्ये वाढलेल्या माणसाला शेरीफ म्हटलं की मुंबईचे नगरपाल आठवतात, 1994 साली सुनील गावस्कर झाले होते तसे. वर्षभराचं मानाचं पद, पाहुण्यांचं स्वागत, शोकसभा. शब्द मात्र एकच आहे, जुन्या इंग्लंडमधून दोन्हीकडे गेलेला, आणि कोर्टाचे समन्स बजावण्याचं कामही दोन्हीकडच्या शेरीफच्या कचेरीकडे आलं. इथे अमेरिकेत तीन हजारांवर शेरीफ आहेत आणि बहुतेक सगळ्या राज्यांत ते लोकांच्या मतांवर निवडून येतात. जेल, कोर्टाचा बंदोबस्त, समन्स, घरं रिकामी करून घेण्याचे हुकूम, आणि शहरांच्या हद्दीबाहेरच्या वस्त्यांची गस्त हे सगळं त्यांच्याकडे असतं. काही शहरं तर स्वतःचं पोलीस खातं न ठेवता शेरीफशी करार करतात. आपल्या कॅलिफोर्नियातलं, इतकी मराठी घरं असलेलं कूपरटिनो त्यातलंच.

यातलं जेल मी मुद्दाम पहिलं लिहिलं. गाडी, गस्त, पाठलाग हे लोकांना दिसतं. पण काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, जेल बिघडलं की शेरीफ बुडतो, आणि त्याच्यासोबत त्याच्या हाताखालचे दोन-तीन थर बुडतात.

लॉस एंजेलिस काउंटीचं उदाहरण घे. देशातलं हे सगळ्यात मोठं शेरीफ खातं. ली बाका 1965 मध्ये तिथे डेप्युटी म्हणून लागले आणि 1998 मध्ये शेरीफ म्हणून निवडून आले. एकेक पायरी चढत तेहेतीस वर्षं. 2011 मध्ये एफबीआय त्यांच्या जेलमधल्या मारहाणीचा तपास करत होती आणि एक कैदी एफबीआयचा खबरी होता. हे कळल्यावर त्या कैद्याला एफबीआयपासून लपवण्यात आलं. इथून तिथे हलवलं, कॉम्प्युटरवरच्या नोंदीत त्याचं नाव बदललं. पुढे त्या प्रकरणात डेप्युटी, सार्जंट, लेफ्टनंट शिक्षा होऊन तुरुंगात गेले. बाकांच्या खालोखाल असलेले अंडरशेरीफ पॉल टनाका यांना 2016 मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि 2017 मध्ये खुद्द बाकांना तीन वर्षांची. मला त्यात सगळ्यात जास्त टोचते ती खालच्यांची गोष्ट. वरून सांगितलं म्हणून कुणीतरी कीबोर्डवर बसून खोटं नाव टाइप केलं. तुझ्याच वयाचं, तुझ्याच हुद्द्याचं माणूस असेल ते.

आता माझं सांगतो. तुझ्या बाबांनाही हे मी कधी बोललो नाही.

नोकरीचं पहिलं वर्ष, रात्रपाळी. दर तासाला फेरी मारायची आणि प्रत्येक कैद्याला डोळ्यांनी बघायचं. आमचा सार्जंट म्हातारा होता, निवृत्तीला आलेला. त्याने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की माणूस कोठडीत आहे एवढं बघून पुढे जाऊ नकोस. थांब, आणि पांघरूण वरखाली होताना दिसेपर्यंत हलू नकोस. त्या रात्री तीनच्या फेरीत शेवटच्या चार कोठड्या राहिल्या होत्या आणि टेबलावरचा फोन वाजायला लागला. मी परत फिरलो, फोन घेतला, आणि त्या चार कोठड्यांसमोरही वेळ लिहून सही ठोकली. वीसेक मिनिटांनी सार्जंट स्वतः चक्कर मारून आला तेव्हा त्या चारांतला एक माणूस घामाने चिंब होऊन थरथरत होता. दारू अचानक तुटल्यावर होतं ते. नर्स आली, स्ट्रेचर आलं. माणूस वाचला.

सार्जंटने मला नोंदवहीजवळ नेलं आणि विचारलं, "याला तीन वाजता बघितलं होतंस?" मी बराच वेळ गप्प राहिलो आणि मग नाही म्हणालो. तो ओरडला नाही. त्याने पेन दिलं आणि म्हणाला, दुरुस्त कर. मी खोडायला लागलो तर त्याने माझा हात धरला. एकच आडवी रेघ, म्हणाला. खालचं जुनं अक्षर वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं काय ते लिही, आत्ताची वेळ घाल, सही कर. ती पानावरची रेघ मला आजही दिसते.

लेखी ठपका बसला आणि फाइलीत गेला. सात वर्षांनी सार्जंटच्या बढतीची तोंडी परीक्षा होती. समोर तिघे बसलेले. मधल्या बाईंनी पहिलाच प्रश्न त्या ठपक्यावर विचारला. मी जसं तुला सांगतोय तसंच सगळं सांगितलं, त्या रेघेसकट. निकाल लागला, मी झालो. नंतर त्या बाईंच्याच हाताखाली काम केलं, तेव्हा त्यांनी सांगितलं की त्या दिवशी बाकीच्या उमेदवारांची उत्तरं त्यांना आठवतसुद्धा नव्हती.

म्हणून माझं मत सरळ आहे. शिकवायचं काम घे. वर्षभर घे, मग पेट्रोलला जा. पेट्रोल लागणारच आहे. रस्त्यावरचा अनुभव नसलेल्या माणसाला गस्तीवरचे लोक आपलं मानत नाहीत, आणि बढतीच्या वेळी ती उणीव नडते. पण जो नव्या डेप्युटीला फेरी कशी मारायची ते शिकवतो, त्याची ओळख खात्यात वेगळ्याच प्रकारे पसरते. तू शिकवलेली पोरं दहा वर्षांत चारी दिशांना असतील, आणि तुझ्याबद्दल तू समोर नसताना बोलतील.

जिन्याच्या पायऱ्या तुला पाठ आहेत: डेप्युटी, सार्जंट, लेफ्टनंट, कॅप्टन, मग कमांडर किंवा चीफ, मग अंडरशेरीफ. कॅप्टनपर्यंत परीक्षा, गुणवत्ता यादी, मुलाखत असं चालतं, निदान आपल्याकडच्या बऱ्याच काउंट्यांत. त्याच्या वर मात्र शेरीफ ज्याला जवळ घेईल तो. निवडणुकीत शेरीफ बदलला की ती खुर्ची रात्रीतून जाऊ शकते. मी कॅप्टनवर थांबलो तो कंटाळून नाही. वरची जागा देऊ केली होती, पण मुली शाळेत होत्या आणि चार-चार वर्षांच्या भरवशावर संसार टांगायची माझी तयारी नव्हती. तुझा निर्णय वेगळा असू शकतो. पण तो घ्यायची वेळ येईल तेव्हा घरच्यांशी बोलून घे, खुर्चीचं बोलावणं आल्यावर धावतपळत नको.

लेफ्टनंट व्हायच्या आधी बजेट शिक. हे मी कळकळीने सांगतोय, कारण चांगले चांगले अधिकारी इथे अडखळताना पाहिलेत. साधं गणित आहे. जेलमधली एक जागा चोवीस तास, सातही दिवस भरलेली हवी. आठवड्याचे तास 168, एका माणसाचे 40. म्हणजे चार माणसं घेऊनही ती जागा पूर्ण भरत नाही. त्यात रजा, आजारपण, ट्रेनिंग धरलं की एका खुर्चीमागे पाचाहून जास्त माणसं लागतात. ती नसली की ओव्हरटाइम, आणि सोळा-सोळा तास उभा राहिलेला डेप्युटी. अशा डेप्युटीला पांघरूण हलताना दिसत नाही. काउंटीच्या सुपरवायझरांसमोर, म्हणजे बजेट मंजूर करणाऱ्या निवडून आलेल्या मंडळासमोर, उभं राहून हे जो नीट समजावून सांगू शकतो, त्याला शेरीफ सोडत नाही.

तसंच दिवाणी विभागात एक वर्ष काढ. तिथे कुणी स्वतःहून जात नाही. भाडं थकलेल्या घरावर कोर्टाचा हुकूम घेऊन सकाळी जायचं, दार वाजवायचं. एका घरात आत एक पाचेक वर्षांचा मुलगा बूट घालून, दप्तर पाठीला लावून शाळेला निघायला उभा होता, आणि त्याची आई भांडी बादलीत भरत होती. मी त्या दिवशी जे काही बोललो त्यातलं एकही वाक्य मला ट्रेनिंगमध्ये कुणी शिकवलं नव्हतं. तिथे गेल्यावर हुकमाचा अधिकार म्हणजे काय ते कळतं. गस्तीतून कळत नाही.

वर जायच्या वाटा एवढ्याच नाहीत, हेही खरं. लॉस एंजेलिसमध्येच बाकांनंतर 2014 मध्ये आलेले जिम मॅकडॉनेल शहर पोलिसांतले होते, आधी लॉस एंजेलिस पोलिसांत वरिष्ठ अधिकारी, मग लाँग बीचचे पोलीसप्रमुख. 2018 मध्ये त्यांना हरवलं अॅलेक्स व्हिलान्यूएवा यांनी, जे लेफ्टनंट म्हणून निवृत्त झाले होते. पदावरचा शेरीफ तिथे शंभर वर्षांत हरला नव्हता. चार वर्षांनी तेही हरले, आणि निवडून आले रॉबर्ट लुना, पुन्हा लाँग बीचचे पोलीसप्रमुख. शिकागोच्या कुक काउंटीत 2006 पासून शेरीफ असलेले टॉम डार्ट मुळात सरकारी वकील आणि आमदार. त्यांनी 2015 मध्ये आपल्या प्रचंड जेलची सूत्रं नेका जोन्स टापिया या मानसशास्त्रज्ञ बाईंकडे दिली, कारण त्या जेलमध्ये मानसिक आजाराचे रुग्ण इतके होते की डॉक्टरी नजरच हवी होती. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो. मानसशास्त्राची पदवी काढून या नोकरीत आल्याबद्दल तुला जे ऐकवतात, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस.

बाई म्हणून वाट अवघड आहे का, असंही तू विचारलंयस. आहे. कॅलिफोर्नियात पहिली स्त्री शेरीफ निवडून आली तीच मुळी 1998 मध्ये, सांता क्लारा काउंटीत, लॉरी स्मिथ. चोवीस वर्षं त्या पदावर होत्या. 2022 मध्ये, बंदुकीच्या परवान्यांच्या वाटपावरून भ्रष्टाचाराचा खटला चालू असताना त्यांनी पद सोडलं, आणि काही दिवसांतच ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं. पहिलेपणाचं कौतुक मला होतं, म्हणून ती बातमी वाचून जास्तच वाईट वाटलं.

निवडणुकीच्या वर्षी जपून राहा. गणवेशात प्रचार करायला आपल्या राज्यात कायद्याने बंदी आहे, पण खरी अडचण गणवेश उतरवल्यावर येते. कुणीतरी म्हणेल, घराबाहेर फक्त एक पाटी लाव. तुझं मत तुझं, देणगी द्यायची तर विचार करून दे, पण बढतीच्या आशेने कुणाच्या मागे उभी राहू नकोस. आपल्याकडची पुढची निवडणूक 2028 मध्ये आहे, कारण कायदा बदलून 2022 च्या शेरीफांना सहा वर्षं मिळाली. तोवर तू सार्जंटच्या परीक्षेला बसलेली असशील.

तुझ्या आईला वाटणारी भीती मी खोटी म्हणणार नाही. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीतले संदीप धालीवाल 2009 मध्ये तिथल्या जेलमध्येच लागले. पगडी घालून ड्यूटी करायची परवानगी त्यांना 2015 मध्ये मिळाली, आणि सप्टेंबर 2019 मध्ये एक गाडी थांबवल्यावर त्यांना गोळी घातली गेली. ते कुठल्या वरच्या हुद्द्यावर नव्हते. पण त्या काउंटीत आज पगडीतला डेप्युटी बघून कुणाला नवल वाटत नाही, आणि तिथल्या एका पोस्ट ऑफिसला त्यांचं नाव आहे. आईशी बोलताना हे लपवू नकोस. मी येऊन बोलू का, तेही विचार.

लेफ्टनंट झालीस की क्वांटिकोच्या एफबीआय नॅशनल अकॅडमीसाठी, म्हणजे पोलीस अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी, नाव सुचवायला सांग. दहा आठवडे असतात. तिथे देशभरातल्या खात्यांतली माणसं भेटतात आणि आपलं ऑफिस म्हणजे जग नाही हे कळतं. पण ते अजून लांब आहे.

आत्ता एवढं कर. शिकवायच्या कामाचा अर्ज 15 तारखेच्या आत जायला हवा, असं तू लिहिलंयस. त्याला सार्जंटची शिफारस लागेल आणि तो रजेवर जाणार आहे, तेव्हा पत्र उद्याच माग. गेल्या तीन वर्षांतले मूल्यमापनाचे कागद घेऊन रविवारी घरी ये, चारनंतर. मागच्या वर्षी तुझ्या एका रिपोर्टवर शेरा आला होता ना, तो कागदही आण. तोंडी परीक्षेत तो विचारतील, आपण त्याच्यापासून सुरुवात करू.

तुझा,
काका