जीवाश्म आणि लहान मुलं : वाचकांचे प्रश्न

पाच-सहा वर्षांच्या मुलांसाठी वाळूत प्लास्टिकची हाडं पुरून ‘उत्खनन’ ठेवलं. दोन मिनिटांत सगळी हाडं उपसून झाली आणि भांडणं सुरू. काय चुकलं?

वाळू कोरडी होती, त्यामुळे हाड ओढलं की निघत होतं. जास्त हाडं ज्याच्या हाती तो जिंकला, असा खेळ झाला. खऱ्या कामात हाड उचलणं सगळ्यात शेवटी येतं.

पाच वाट्या वाळूला अर्धी वाटी पाणी घालून ती खोक्यात दाबून बसवा. आत एकाच प्राण्याची हाडं मान ते शेपूट अशी ओळीने मांडा. खोक्यावर दोरा ताणून चार चौकोन करा आणि एका चौकोनाला दोन मुलं द्या. एकानं मऊ ब्रशनं वाळू झाडायची, दुसऱ्यानं जे दिसेल ते कागदावर जागच्या जागी काढायचं. मग अदलाबदल. नियम एकच: चित्र झाल्याशिवाय हाड हलवायचं नाही.

चारही कागद जोडले की डोकं कुठे, शेपूट कुठे हे मुलं स्वतःच सांगतात. आता एक हाड मुद्दाम दुसऱ्या चौकोनात ठेवा आणि विचारा, ‘चित्र नसतं तर हे कुठलं, कसं कळलं असतं?’ जीवाश्म कोणत्या थरात आणि कशाच्या शेजारी होता, ही माहिती एकदा गेली की परत मिळत नाही. आमच्या मते या वयात शिकवण्याची सर्वात मोलाची गोष्ट हीच. डायनासोरची नावं मुलं तशीही पाठ करतात.

शंखाचा ठसा मातीत घेऊन प्लास्टर ऑफ पॅरिस ओतलं. ते मातीला चिकटलं, भोकं पडली आणि काढताना तुटलं.

दोन मापं प्लास्टरला एक माप पाणी घ्या. आधी पाणी, मग त्यावर प्लास्टर भुरभुरवा, मिनिटभर भिजू द्या आणि सावकाश ढवळा. जोरात ढवळलं की हवा शिरते, तीच भोकं. पाणी जास्त झालं की ठसा ठिसूळ होतो. ओतण्याआधी मातीवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा, थर निदान दोन सेंटिमीटर जाड ठेवा, ओतल्यावर खोकं हलकेच आपटा. पाऊण तासानं ठसा ओढू नका, भोवतालची माती सोलून काढा.

कालवणं मोठ्यांनीच करावं, कारण भुकटी नाकात जाते. प्लास्टर घट्ट होताना तापतं, म्हणून मुलांचा हात त्यात कधीही बुडवू नका. गंभीर भाजतं. उरलेलं बेसिनमध्येही ओतू नका, नळीत दगड होतो.

मुलांना दोन शब्द द्या: मातीतला खळगा म्हणजे साचा, त्यात भरून घट्ट झालेला तो ओतीव ठसा. गाळात पुरलेला शंख विरघळतो आणि उरलेल्या पोकळीत खनिजं भरतात, तेव्हा असंच घडतं.

संग्रहालयातलं हाड खरं हाड असतं की दगड?

बऱ्याचदा दोन्ही. हाडातल्या बारीक छिद्रांत भूजलातली खनिजं साचतात. हे मुलांना दाखवायला स्पंजला हाड आणि मिठाला खनिजं समजा: गरम पाण्यात मीठ विरघळेनासं होईपर्यंत घाला, पाणी कोमट झालं की त्यात स्पंज बुडवा आणि काही दिवस वाळवा. स्पंज कडक झाला नाही तर मीठ कमी पडलं. पुष्कळ सांगाडे मात्र प्रतिकृती असतात, शेजारची पाटी मुलांसोबत वाचा.

‘कोट्यवधी वर्षं’ कशी समजवायची?

आकडा सांगू नका, दोरी ताणा. एक सेंटिमीटर म्हणजे दहा लाख वर्षं. आजच्या टोकापासून सुमारे 2 मीटर 30 सेंटिमीटरवर पहिले डायनासोर, 66 सेंटिमीटरवर पक्षी सोडून बाकीच्या डायनासोरांचा शेवट. आपली माणसांची जात सुमारे तीन लाख वर्षांची, म्हणजे टोकाचे तीन मिलिमीटर. माणूस आणि डायनासोर एकत्र राहत होते, हा गैरसमज इथे आपोआप सुटतो.

हाडांशिवाय शास्त्रज्ञ काय शोधतात?

पावलांचे ठसे, बिळं, अंडी आणि विष्ठाही! इंग्लंडमधल्या लाइम रेजिसच्या किनाऱ्यावर जीवाश्म गोळा करणाऱ्या मेरी ॲनिंगला इक्थिओसॉरच्या (समुद्रात राहणाऱ्या, नामशेष झालेल्या सरीसृपाच्या) सांगाड्यात पोटाच्या जागी काही दगड दिसले. ते फोडल्यावर आत माशांची हाडं आणि खवले निघाले. पुढे 1829 मध्ये भूवैज्ञानिक विल्यम बकलंड यांनी अशा दगडांना ‘कॉप्रोलाइट’, म्हणजे अश्मीभूत विष्ठा, हे नाव दिलं. घरी मातीच्या गोळ्यांत बिया, पानांचे तुकडे, पक्ष्याचं पीस वेगवेगळं दडवून दोन दिवस वाळवा. मुलांनी गोळा फोडून प्राणी काय खात होता ते सांगायचं, आणि ते कशावरून हेही.