वही कुलपात ठेवून मुलगा इंजिनिअर होत नाही

नमस्कार,

मुलगा बारावीत आहे, अकरावीला ७६ टक्के होते, आणि कॉम्प्युटर इंजिनिअरिंग सोडून त्याला ‘विद्युतभारित कणांमुळे वायूतून सूक्ष्म कण कसे तयार होतात’ हे शिकायचंय. त्याला ताळ्यावर कसं आणू, असं तुम्ही विचारलंत. मला टक्क्यांची चिंता नाही. या विषयावर तो लिहीत असलेली वही तुम्ही कपाटात कुलूप लावून ठेवलीत आणि तेव्हापासून तो ताट घेऊन खोलीत जातो, हे तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझा जीव तिथे अडकला. कुणी न सांगता पोरगा वही भरतोय आणि आपण ती काढून घेतो, हे चूकच आहे. अशाने खूळ जात नाही, घरातलं बोलणं जातं. घराच्या कर्जाचे हप्ते आहेत, ही तुमची काळजी आहे ना? मग त्याला समोर बसवून आकडे सांगा. ते समजण्याएवढा तो मोठा आहे. धाक मात्र नको.

विषय पोरखेळ नाही. हवेतले सल्फ्युरिक आम्लाचे रेणू एकत्र येतात, पण पुंजका फार लहान असला की पुन्हा सुटतात. त्यात आयन, म्हणजे विद्युतभार असलेला अणू किंवा रेणू, असला तर त्याच्या भारामुळे ते धरून राहतात आणि पुंजका टिकतो. जिनिव्हाजवळ सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेत ‘क्लाउड’ प्रयोगात हे २००९पासून पोलादी टाकीत मोजलं जातंय. हवेत असे आयन अवकाशातून येणारे वेगवान कण, म्हणजे वैश्विक किरण, तयार करतात. टाकीत त्यांच्या जागी प्रवेगकातून (कणांना वेग देणाऱ्या यंत्रातून) आलेला पायॉन नावाच्या सूक्ष्म कणांचा झोत सोडतात. आपल्याकडे पुण्याची आयआयटीएम ही हवामानशास्त्र संस्था ढग आणि हवेतल्या सूक्ष्म कणांवर काम करते. महाबळेश्वरला तिची ढगांची प्रयोगशाळाही आहे.

मुलाचा एक गैरसमज मात्र काढायला हवा. ‘वैश्विक किरण वाढले की ढग वाढतात’ असं त्याने वहीत लिहिलंय म्हणता. इतकं सरळ नाही ते. नवा कण एक-दोन नॅनोमीटरचा असतो (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग). ढगाचा थेंब धरायला तो साधारण ५० ते १०० नॅनोमीटरचा व्हावा लागतो, आणि त्याआधीच बरेचसे कण मोठ्या कणांना चिकटून संपतात. शिवाय आम्ल, अमोनिया, झाडांतून निघणाऱ्या वाफा किती आहेत यावर बरंच ठरतं. म्हणजे ‘केमिस्ट्री नको’ हा त्याचा जो हट्ट आहे, तो याच विषयात आड येईल.

आणि इंजिनिअरिंग म्हणजे या विषयाचा शत्रू, हे तुम्ही दोघांनीही धरून चाललायत. इतके बारीक कण थेट मोजता येत नाहीत; त्यांच्यावर ब्युटेनॉलसारखी वाफ साचवून ते फुगवतात, मग लेसरने मोजतात. अशी यंत्रं बनवायला, त्यांचा डेटा हाताळायला इंजिनिअर लागतात.

परीक्षांचं थोडक्यात: आयसर या विज्ञान संशोधन संस्थांची आयएटी, इंजिनिअरिंगसाठी जेईई आणि सीईटी, तिन्ही देऊ द्या, बीएस्सी केली तर पुढे एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम ही परीक्षा आहे. संशोधनाचा रस्ता लांबचा आहे, पीएचडीपर्यंत बरीच वर्षं जातात, हेही त्याला स्पष्ट सांगा. शाखा निकालानंतर ठरवा. वही आजच द्या, आणि त्यातलं एक पान त्याच्याकडून समजून घ्या.