डेन्व्हरला येताय तर बंदुकांवरच्या टॅक्सच्या मतदानाचं आधीच समजून घ्या

तुम्ही विचारलंय की एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर डेन्व्हरला येतोय, तिथे माजी सैनिकांसाठी लोकांनी मतं देऊन नवीन टॅक्स लावला म्हणे, तो आपल्या पगारातून कापतात का आणि आपल्यालाही मत द्यायचं असतं का. मी बारा वर्षं डेन्व्हरच्या शेजारच्या ऑरोरात आहे, २०२४ ला सिटिझन झालो आणि माझी पहिली मतपत्रिका नेमकी हीच होती.

पगारातून काही कापत नाहीत. हा कोलोरॅडो राज्याचा टॅक्स बंदुका आणि काडतुसांवर आहे, ६.५ टक्के, १ एप्रिल २०२५ पासून, भरतो दुकानदार पण शेवटी किमतीत लावणारच ना. वर्षाला अंदाज ३ कोटी ९० लाख डॉलरचा, त्यातले पहिले ३ कोटी गुन्ह्यांतल्या पीडितांच्या मदतीला, मग ५० लाख माजी सैनिकांच्या मानसिक उपचारांना, उरलेले मुलांच्या मानसिक आरोग्याला आणि शाळांच्या सुरक्षेला. म्हणजे सैनिकाच्या हातात रोख पैसे पडत नाहीत. तसा बोनस ओहायोने दिला होता, २००९ ला लोकांनी मतदान करून २० कोटी डॉलरचे रोखे काढायला परवानगी दिली, इराक-अफगाणिस्तानात गेलेल्यांना हजार डॉलरपर्यंत.

इथे लोकांना विचारतात कारण १९९२ पासून कोलोरॅडोच्या घटनेत टेबॉर नावाची तरतूद आहे, सरकारला मतदारांच्या होकाराशिवाय नवीन टॅक्स लावता येत नाही. प्रश्नाची सुरुवातच अशी, राज्याचे कर वर्षाला ३,९०,००,००० डॉलरने वाढवावेत का? आकडा डोळ्यासमोर. आपल्याकडे सेस लागला की बिलावर दिसतो तेव्हा कळतं, त्यामुळे मतदानाआधी मतदारांना घरी येणारं निळं माहितीपुस्तक मी तर दोनदा वाचलं.

शेजारी इराकला जाऊन आलेले आहेत, हातात कॉफीचा मग घेऊन कुंपणापाशी म्हणाले, मी नाही म्हणणार, आमच्या उपचाराचे पैसे सरकारने मूळ बजेटमधून द्यावेत, शिकारीला जाणाऱ्याच्या खिशातून कशाला. मला ते पटलं, आणि वसुली कमी झाली तर पहिले ३ कोटी आधी जाणार, सैनिकांसाठी काय उरेल ही भीती पण आहेच. तरी मी हो म्हटलं, कारण त्यांना रात्री झोप लागत नाही, तीन-तीन वाजता गॅरेजचा दिवा चालू दिसतो आणि बजेटमधून पैसे येईपर्यंत थांबणं बरोबर वाटलं नाही. सुमारे ५४ टक्क्यांनी पास झालं.

आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं. व्हिसावर किंवा ग्रीन कार्डवर असताना इथल्या मतदानात मत देता येत नाही, लायसन्स काढताना मतदार नोंदणीचं विचारलं तर नाहीच म्हणा. २०२२ ला जवळपास ३०,००० सिटिझन नसलेल्यांना नोंदणीचं पोस्टकार्ड चुकून गेलं होतं, तसं घरी आलं तर भरू नका. मी सिटिझन आहे असं खोटं लिहिलं गेलं तर ग्रीन कार्ड तर जाऊ शकतंच, देशाबाहेरही काढू शकतात.