१:१ मिश्रणाचा आयसी-५० सरासरीपेक्षा कमी आला, म्हणजे सिनर्जी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डीपीपीएच या अँटिऑक्सिडंट चाचणीत जांभळाच्या बियांच्या अर्काचा आयसी-५० (निम्मा परिणाम दाखवायला लागणारी मात्रा) आला ६० मायक्रोग्रॅम प्रति मिली, बिज्याच्या (बिबळ्याच्या) लाकडाचा २०, आणि दोन्ही वजनाने १:१ मिसळल्यावर ३१. सरासरी ४० होते, ३१ त्याहून कमी, मग प्रबंधात सिनर्जी (दोन्ही मिळून नुसत्या बेरजेपेक्षा जास्त परिणाम) लिहायची का? शिवाय अल्फा-ग्लुकोसिडेज (ग्लुकोज सुटं करणारं पचनाचं एन्झाइम) दाबण्यात मिश्रण अकार्बोज या मधुमेहाच्या औषधापेक्षा सरस ठरलं आहे.

सिनर्जी लिहू नका. आयसी-५० ची साधी सरासरी इथे चालतच नाही. ३१ मायक्रोग्रॅम मिश्रणात प्रत्येक अर्क १५.५ आहे. १५.५ भागिले ६० म्हणजे ०.२५८, १५.५ भागिले २० म्हणजे ०.७७५. बेरीज १.०३. चाऊ-तलाले पद्धतीतला कॉम्बिनेशन इंडेक्स तो हाच. १ च्या खाली असेल तर सिनर्जी, वर असेल तर विरोध, आसपास असेल तर नुसती बेरीज. दोन्ही अर्कांनी एकमेकांना काडीचीही मदत केली नसती, तरी १:१ चा आयसी-५० ३० च आला असता. तुमचे आकडे चांगले आहेत, फक्त ते बेरीज दाखवतात.

आणखी एक. १:१ मध्ये तीन चतुर्थांश काम एकटा बिजा करतोय. दोघांचा वाटा सारखा हवा तर आयसी-५० च्या प्रमाणात मिसळा, म्हणजे जांभूळ ३ आणि बिजा १. हे प्रमाण कायम ठेवून तीव्रतेच्या पाच-सहा पातळ्या करा, सुटे अर्कही त्याच प्लेटवर लावा, आणि इंडेक्स ५० टक्के परिणामासोबत ७५ टक्क्यांवरही काढा. तीन वेगवेगळ्या दिवशी तो ठळकपणे १ च्या खाली राहिला, तरच सिनर्जी म्हणा.

डीपीपीएचचं द्रावण ताजं करा: ३.९४ मिलिग्रॅम १०० मिली मेथॅनॉलमध्ये, म्हणजे ०.१ मिलिमोलर. अंधारात ३० मिनिटं, मग ५१७ नॅनोमीटरवर रीडिंग. बिज्याचा अर्क स्वतःच गडद असतो, म्हणून प्रत्येक पातळीला अर्क अधिक मेथॅनॉल असा डीपीपीएचविना ब्लँक (वजा करायचा तुलनेचा नमुना) हवाच. नागपूरच्या मे महिन्यात प्लेट उघडी ठेवली तर कडेच्या खळग्यांतलं मेथॅनॉल उडून रीडिंग बिघडतं, झाकण लावा.

अकार्बोजचं म्हणाल तर यीस्टच्या ग्लुकोसिडेजला ते मुळातच फार कमी दाबतं. त्याला हरवणं म्हणजे काहीच सिद्ध होत नाही. उंदराच्या आतड्याच्या ॲसिटोन पावडरमधून काढलेलं एन्झाइम वापरा, तिथे अकार्बोज खऱ्या ताकदीने उतरतं. शिवाय दोन्ही अर्कांत पॉलिफेनॉल भरपूर, जांभळाच्या बियांत टॅनिनही बरंच. टॅनिन एन्झाइमला चिकटून ते निकामी करतं आणि आपल्याला वाटतं की नेमकं इनहिबिशन (एन्झाइमला रोखणं) मिळालं. ०.०१ टक्के ट्रायटन एक्स-१०० हा डिटर्जंट घालून तोच प्रयोग पुन्हा करा. इनहिबिशन कोसळलं तर ते खरं नव्हतं. पीव्हीपीपी या टॅनिन धरून ठेवणाऱ्या पावडरीने टॅनिन काढूनही एकदा बघा.

पुढे अमायलेज (स्टार्च तोडणारं एन्झाइम) करणार असाल तर डीएनएसए या रंगावरून साखर मोजणाऱ्या चाचणीत वेगळीच गोची आहे. अर्कातली साखर आणि फेनॉल स्वतःच रंग देतात, त्यामुळे इनहिबिशन कमी, कधी चक्क उणे दिसतं. प्रत्येक पातळीला एन्झाइमविना ब्लँक लावून ५४० चं रीडिंग वजा करा. आणि काचेतल्या या निकालांवर 'मधुमेहरोधी' न लिहिता 'एन्झाइम-रोधक' एवढंच लिहा.

कच्च्या मालाकडेही बघा. जांभळं येतात तेव्हा पाऊस तोंडावर असतो, बिया उघड्यावर वाळवल्या की बुरशी धरते. ट्रे-ड्रायरमध्ये ४० अंशांवर वाळवा. बिज्याचं तयार चूर्ण इतवारी बाजारातून आणू नका, लाकडाचा तुकडाच घ्या. त्यातली गाभ्याची ढलपी पाण्यात भिजवून उजेडात धरा: पाणी पिवळसर-तपकिरी होऊन निळसर झाक मारायला हवी. तुकड्याबरोबर जांभळाची पानं-फुलंही वनस्पतीशास्त्र विभागात देऊन ओळख पटवून घ्या आणि नमुना क्रमांक प्रबंधात लिहा.